तिसरी रांग

पत्र्याच्या त्या गाडीत दोनच रांगा होत्या, आणि भांडण तिथूनच सुरू झालं.

ऑगस्टात उर्कुपिन्याच्या मातेच्या जत्रेत मारलेनीने ती सासूसाठी घेतली होती. आपली आपण घेऊन चालत नाही. मनातली वस्तू चिमुकली करून दुसऱ्याने आपल्या हातावर ठेवावी लागते. मग ती धुरावर धरायची, वर रंगीत कागदाची चिमूट उधळायची, आणि वर्षाच्या आत खरी दारात येते. घर हवं असणारे वीतभर घर घेतात, दुकान हवं असणारे काडेपेटीएवढं दुकान. जुनी निळी गाडी जुलैत भंगारात गेली होती, म्हणून मारलेनीने गाडी घेतली. चंदेरी, चाकं फिरणारी, दारं उघडणारी. सेनोबियाने ती डोळ्यांजवळ नेली, करंगळी आत घालून चाचपली आणि विचारलं,

"मागची रांग कुठाय?"

"आई, एवढ्याशा पत्र्यात तीन रांगा कोण बसवतो?"

"मग आपण मागितलं काय? पाच जणांची गाडी. घरात पाचच आहोत का आपण?"

घरात पाचच होते. सेनोबिया, तिचा मुलगा लिंबेर्त, सून मारलेनी आणि दोघी नाती. पण सेनोबिया मोजायला बसली की सात भरायचे. सहावी योवाना, तिची थोरली, अकरा वर्षं समुद्रापार वालेन्सियाला, एका आजारी म्हातारीच्या उशाशी बसलेली. सातवा योवानाचा इकेर. तिथेच जन्मलेला, आठ वर्षांचा, आजीला फोनच्या काचेपलीकडून ओळखणारा.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर सेनोबियाने काडेपेटीचा पुठ्ठा कापला, पिठाची खळ केली आणि पत्र्याच्या गाडीत तिसरी रांग चिकटवली. लिंबेर्तने पाहिलं, हसू दाबलं.

"आई, आता देवीलाही चुना लावणार तू?"

"चुना नाही रे, खळ लावलीय," ती म्हणाली. पण हसली नाही. मागण्यात चूक झाली की मिळण्यात होते, हे तिला एकदा कळलं होतं. कशात, ते तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

गाडीसाठी योवानाने आठ हजार डॉलर पाठवले होते. "चांगली घ्या, आईच्या गुडघ्यांना सोसेल अशी," एवढंच तिचं म्हणणं. आणि त्या आठ हजारांत घरातल्या तिघांना तीन गाड्या दिसत होत्या. लिंबेर्त ॲल्युमिनियमच्या खिडक्या करायचा. त्याला मागे मोकळी जागा हवी होती, लांब पट्ट्या आडव्या टाकायला. मारलेनी मुलींना शाळेत न्यायची-आणायची. तिला एअरबॅग हव्या होत्या, ब्रेक धड हवे होते, आणि गाडी शक्यतो तिच्या लग्नानंतर जन्मलेली हवी होती. सेनोबियाला तीन रांगा हव्या होत्या. बाकी कसलीही चालेल.

आठवडाभर घरात बाजू बदलत राहिल्या. सोमवारी आई आणि मुलगा एक झाले, कारण मोठी गाडी दोघांनाही हवी होती. बुधवारी नवराबायको एक झाले, कारण लिंबेर्तच्या ध्यानात आलं की आईची तिसरी रांग नेमकी त्याच्या पट्ट्यांच्या जागेवर बसते. शुक्रवारी त्याने मालवाहू गाडीचं नाव काढलं, तेव्हा सासू-सून एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या.

"मालाच्या हौद्यात आईला बसवणार आहेस का तू?" मारलेनी म्हणाली.

"बसव हो," सेनोबिया म्हणाली, "बटाट्याच्या पोत्यांवर बसूनच तुला जन्माला घालायला शहरात आले होते."

रविवारी सकाळी मुलींना मारलेनीच्या बहिणीकडे सोडून तिघं गाड्यांच्या बाजारात गेली. ऑगस्टचा वारा अजून सरला नव्हता. मैदानभर धूळ, धुळीत शेकड्यांनी गाड्या, सगळ्यांची बॉनेटं उघडी, काचांवर पांढऱ्या रंगात भाव लिहिलेले. उत्तरेला तुनारीचा डोंगर, त्याच्या माथ्यावर बर्फाचा उरलेला एक ठिपका. सेनोबियाने आपली चांगली पोयेरा नेसली होती, जांभळी, घागऱ्यासारखी घेराची. दोन्ही वेण्या टोकाशी काळ्या गोंड्यांनी एकत्र बांधलेल्या. पोयेराच्या आतल्या खिशात पत्र्याची गाडी होती. चालताना ती मांडीला लागत होती.

पहिली पांढरी गाडी नवरीसारखी उभी होती. तीन रांगा, कातडी बैठका, मागच्यांसाठी वेगळा गारवा. सेनोबियाने काचेवरचा आकडा वाचला आणि न थांबता पुढे गेली. साडेअकरा हजार.

"या, कासेरिता, आत बसून तरी बघा!" विकणाऱ्याने बाजारातली लाडाची हाक मारली.

"बसले तर उठवणार नाही गुडघे," ती मागे न बघता म्हणाली.

दुसरी हिरवट होती. तीन रांगा आणि सात हजार. सेनोबियाचं पाऊल तिथे आपसूक थांबलं. लिंबेर्त मात्र आधी पुढच्या दारातून आत वाकला आणि हात घालून चाचपू लागला. गाडी जपानातली, तिकडे स्टिअरिंग उजव्या हाताला असतं, इथे येताना ते काढून डावीकडे बसवतात. तो उद्योग इथल्या गल्लीगल्लीत चालतो. चांगल्या हाताने केलेला असेल तर जन्मभर कळत नाही.

"हे कुणी केलंय?" लिंबेर्तने विचारलं.

"माझ्या मेव्हण्याने," विकणारा अभिमानाने म्हणाला.

"वाटलंच." लिंबेर्तने उजवीकडे चिकटवलेलं मातेचं मोठं चित्र नखाने उचललं. खाली ताटलीएवढं भोक होतं आणि भोकातून तारा लोंबत होत्या. "माता इथे कशाला बसवलीय? थंडी वाजू नये म्हणून?"

"अहो, चालते एकदम झकास!"

"चालेल. वळेल का ते विचारतोय."

तोवर सेनोबिया मागून आत शिरली होती. मधली बैठक सरकवून, पोयेरा दोन्ही हातांनी गोळा करून, डोकं वाकवून ती तिसऱ्या रांगेत पोचली आणि बसली. गुडघे हनुवटीला आले. समोर रिकाम्या बैठकांच्या पाठी. बाजूला काच, धुळीने पांढरी. तिने तळहाताने पुसली. बाहेर डोंगराचा तुकडा दिसला. इथे योवाना, तिला वाटलं, आणि इथे पोरगा. विमानतळावरून येताना दोघं मागून बडबडत राहतील, आणि मी पुढून मान न वळवता ऐकत राहीन. मान वळवली तर आवाज थांबेल, म्हणून वळवणारच नाही.

"बसतं," ती आतून म्हणाली. "हीच घ्या."

"आई, उतरा," मारलेनी दारात उभी राहून म्हणाली. "हिला खालून गंज चढलाय. एअरबॅग एकही नाही. मुलींना मी हिच्यात पाऊल ठेवू देणार नाही."

"दुरुस्त करून घेऊ."

"कशातून? सात हजार हिला देऊन राहतं काय?"

"होईल काहीतरी. तीन रांगा आहेत हिला."

मारलेनीने वाऱ्याने तोंडावर आलेले केस मागे सारले. ती भांडकुदळ नव्हती. चौदा वर्षांत तिने सासूला उलट शब्द बोटांवर मोजण्याइतके दिले असतील. पण आठवडाभराचं साचलेलं आता ओठांवर आलं.

"दोन जागांपायी पाच जिवांशी खेळायचं, आई? आणि त्या दोन जागा... अकरा वर्षं झाली, त्या रिकाम्याच आहेत."

लिंबेर्तने गाडीतून डोकं बाहेर काढलं. विकणारा आपल्या बोटांकडे बघू लागला. सेनोबिया मागच्या बैठकीवर तशीच बसून राहिली. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

अकरा वाजले होते. दर रविवारी अकराला योवानाचा फोन यायचा. तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ असायची आणि तिची म्हातारी पेंगत असायची.

"घेतलीत का गं?" फोनच्या काचेत योवानाचा चेहरा आला. केस आखूड कापलेले, डोळ्यांखाली सावली. "दाखव की!"

"बघतोय अजून. ही बघ." सेनोबियाने फोन गाडीच्या पोटात फिरवला. "सात जणांची."

"सातची कशाला, आई? केवढं पेट्रोल पिते ती! तुम्ही पाच आहात, पाचची घे. बुटकी घे, चढायला सोपी."

"आणि तुम्ही?"

पलीकडे जरा वेळ नुसती भिंत दिसली. योवानाने फोन हलवला असावा.

"आम्ही आलो तर टॅक्सी करू की."

मागच्या वर्षीपर्यंत ती 'आल्यावर' म्हणायची. सेनोबियाने फोन घट्ट धरला.

"डिसेंबरात नाही ना जमत?"

"आई, इकडे हप्ते सुरू झालेत घराचे. दोन खोल्या आहेत, पण आमच्या. म्हातारीला सोडून महिनाभर आले तर जागा दुसरी कुणी घेईल. पुढच्या वर्षी बघू. खरंच बघू."

तेवढ्यात काचेत एक कान आला, मग गाल, मग दात पडलेलं तोंड. इकेर. तो बोलायचा ते शब्द तिचेच होते, पण तिकडच्या हेलात घोळून आलेले, दुसऱ्याच्या घरी धुतलेल्या कपड्यांसारखे.

"आजी! ती आपली गाडी आहे?"

"आपलीच रे राजा."

"मग माझी खिडकी कुठली?"

सेनोबियाने तोंड उघडलं. पलीकडे कुठेतरी छोटी घंटी किणकिणली, म्हातारी जागी झाली होती. "आई, जाते, जाते गं, करते नंतर," असं योवाना म्हणेतो काच काळी झाली.

पोराचा प्रश्न गाडीतच राहिला. सेनोबिया उतरली. तिला उतरवायला मारलेनीने हात पुढे केला होता आणि तिने तो धरलाही, पण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

मारलेनी वळून गर्दीत गेली. थोड्या वेळाने वाळवलेल्या पीचच्या सरबताचे तीन पेले घेऊन परतली. एक सासूच्या हातात दिला.

"तिकडे एक आहे," ती म्हणाली. "चंदेरी. बघून तर घ्या."

गाडी जवळ आली तसा आधी वास आला. फुलांचा, तिखटगोड, कार्नेशनचा. तिचा मालक नातालियो, तिकिपाया गावचा, फुलं पिकवणारा. चाळिशीचा, नखांत माती, बोलताना पायांकडे बघणारा. गाडी बारा वर्षांची, पण कारखान्यातूनच डाव्या स्टिअरिंगची. लिंबेर्त खाली झोपून आला, वर चढून आला, इंजिनावर कान ठेवून आला आणि बायकोला डोळ्यांनीच म्हणाला, हीच. मारलेनीने एअरबॅग मोजल्या. चार. ब्रेक दाबला, पुन्हा दाबला.

सेनोबियाने मागचं दार उघडलं.

आत काही नव्हतं. मधल्या रांगेमागे नुसती सपाट जमीन, त्यावर देठांचे तुकडे. जमिनीत चार भोकं, कडेने चकाकणारी, आणि एका भोकात अडकलेली लाल पाकळी.

"मागची रांग?"

"काढली, बाई. पाच वर्षं झाली. फुलांच्या पेंढ्या कुठे ठेवायच्या? जागाच जागा आहे बघा."

"जागाच जागा आहे," लिंबेर्त म्हणाला. त्याला आनंद लपवता आला नाही. "आई, बघ ना, पट्ट्या सरळ जातील."

सेनोबियाने बोट भोकात घालून पाहिलं. आत आटे होते, स्वच्छ, तेलकट. सीट कधीतरी इथे होती, हे त्या आट्यांना अजून माहीत होतं.

भाव आठ हजार दोनशे होता. लिंबेर्तने सात हजार म्हटलं, नातालियोने मान हलवली, मग सेनोबिया पुढे झाली. चाळीस वर्षं तिने बाजारात चीज विकलं होतं. भाव करताना तिचा आवाज उतरायचा, समोरच्याला वाकून ऐकावं लागायचं, आणि वाकलेला माणूस नाही म्हणत नाही. सात हजार आठशेला ती थांबली. पण हात पुढे केला नाही.

तेव्हा मारलेनीने विचारलं, "हिची सीट कुठाय?"

लिंबेर्तने तिच्याकडे बघितलं. "आता तू पण?"

"पोरगा खिडकी विचारत होता. काय सांगणार आहेस त्याला तू? तुझी खिडकी आम्ही पट्ट्यांना दिली म्हणून?"

"अगं, तूच मघाशी..."

"मघाशी मी त्या खटाऱ्याबद्दल बोलले." ती नातालियोकडे वळली. "टाकून दिली का, भाऊ?"

नातालियो पायांकडे बघत ओशाळं हसला. "टाकलेली नाही. घरी आहे. माझी आई बसते तिच्यावर."

सगळे त्याच गाडीतून तिकिपायाला गेले. पुढे नातालियो आणि लिंबेर्त, मागे दोघी. वाटेत लिंबेर्तने गाडी हातात घेतली, आणि रस्त्यातला पहिला उंचवटा पोटातलं पाणीही न हलता पार झाला तसा तो खुशीत गुणगुणू लागला. सेनोबिया मागच्या मोकळ्या जागेकडे पाठ करून बसली होती, तरी तिला ती जाणवत राहिली, पाठीशी कुणी उभं असल्यासारखी.

अंगणात मोयेचं झाड होतं, पानं झिरमिळ्यांसारखी लोंबणारी. झाडाखाली विटांच्या दोन चवड्या, त्यांवर मोटारीची ती बैठक, वर पट्ट्यापट्ट्यांचं हातमागाचं कापड अंथरलेलं. तिच्या एका टोकाला एक बुटकी म्हातारी वाटाणे सोलत होती आणि तोंडातल्या तोंडात गात होती.

*वाट गेली डोंगरावरी, धूळ बसली दारात,*
*धूळ झाडते रोज बाई, वाट राहते उरात.*

"आई, ही माणसं गाडी घेतायत," नातालियो म्हणाला. "त्यांना सीट हवीय."

"हवी तर नेऊ दे की. मी काय तिच्यावर जन्मले?" म्हातारीने ओटीतले वाटाणे सांभाळत सेनोबियाला न्याहाळलं, वेण्यांपासून पावलांपर्यंत, आणि शेजारची जागा हाताने झटकली. "बस, बाई. न्यायच्या आधी बसून तर बघ. मी साबिना."

"मी सेनोबिया."

बैठक मऊ होती. इतकी वर्षं उन्हावाऱ्यात राहूनही स्प्रिंगा जाग्या होत्या. गुडघे हनुवटीला आले नाहीत. समोर कार्नेशनचे वाफे, लाल, पांढरे, मग डोंगराची चढण.

साबिनाने मूठभर शेंगा तिच्या पोयेरात टाकल्या. दोघी सोलू लागल्या.

"कोण बसणार तिच्यावर?" साबिनाने विचारलं.

"मुलगी. नातू. वालेन्सियाला असतात."

"येणार आहेत?"

सेनोबियाने शेंग अंगठ्याने उकलली. आत पाच दाणे होते. "मीच पाठवली तिला. नवऱ्याने टाकलेली, इथे काम नाही. जत्रेत मी तिच्यासाठी चिमुकली बॅग घेतली, चिमुकला पासपोर्ट, पैशांची पुडी, विमानाचं तिकीट. सगळं तिच्या हातावर ठेवलं, धुरावर धरलं. सहा महिन्यांत गेली." तिने दाणे पोयेरात सोडले. "नंतर ते तिकीट बघितलं. जाण्याचं होतं. दुकानाच्या त्याच फळीवर येण्याजाण्याचंही होतं, पण मला दिसलंच नाही. घाईत होते. मी लेकीचं नुसतं जाणं मागितलं गं."

हे ती पहिल्यांदाच बोलत होती. दोन वाफ्यांपलीकडे लिंबेर्त आणि नातालियो बोल्ट शोधत होते. मारलेनी झाडामागे उभी होती, आणि तिने ऐकलं.

साबिना बराच वेळ सोलत राहिली. मग तिला हसू आलं, दात नसलेलं, पोट हलवणारं.

"मी शिलाई मशीन मागितलं होतं. धाकट्यासाठी, सिरिलोसाठी. अंगठ्याएवढं, सुई खालीवर होणारं. दिलं हो मातेने! साओ पावलोला सोळा वर्षं शिवतोय, शिवतोय, मान वर करायला फुरसत नाही. आपण काय मागितलं ते तिने ऐकलं, बाई. तिचं काय चुकलं?"

सेनोबियाही हसली. हसताना डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते वाटाण्याच्या हातानेच पुसलं.

"इथेच का बसता तुम्ही? घरात बसायचं सोडून?"

"फोन इथेच लागतो. आत भिंती आड येतात. सिरिलो कधी करतो, कधी नाही. रोज पाचला येऊन बसते. लागला तर बोलते, नाही लागला तर वाटाणे होतात."

लिंबेर्त बोल्ट घेऊन आला. चार बोल्ट, जाडजूड, दुधाच्या जुन्या डब्यात तेलात घालून ठेवलेले. "सापडले! चला, उचलू या. पंधरा मिनिटांत बसते." तो आता सीटच्याच बाजूने होता, बायकोने डोळ्यांनी काहीतरी सांगितलं असावं.

सेनोबिया उठली नाही.

तिने शेजारी पाहिलं. साबिनाच्या पाठीने त्या बैठकीत एक खोलगट जागा केली होती, घडीव, एका माणसाच्या मापाची. घरी नेली तर काय होईल, ते तिला दिसलं. बोल्ट आवळले जातील, काचा पुसल्या जातील, आणि ती दोन माणसांची जागा कोपऱ्यावर, बाजारात, शाळेच्या दारात, सगळीकडे रिकामी फिरेल. गाडीत चढताना रोज तिच्याकडे बघायचं. दर रविवारी अकरा वाजता तिच्याकडे पाठ फिरवून बसायचं.

"राहू दे इथेच," ती म्हणाली.

"आई!" मारलेनी झाडामागून पुढे आली. तिचे डोळे लाल होते. "एवढ्या लांब आलोय. घेऊन जाऊ. मी सांगते ना, घेऊन जाऊ. मी मघाशी बोलले ते..."

"तू खरं बोललीस. रिकामीच आहे ती, घरी. इथे भरलेली आहे." सेनोबियाने नातालियोकडे पाहिलं. "सीट आमची. गाडीच्या पैशांत आली. पण ठेवायची तुमच्याकडे. योवानाने दिवस सांगितला की येऊन घेऊन जाऊ. तोवर तुमच्या आईने तिच्यावर बसायचं, उन्हात वाळू द्यायची नाही."

"आणि ती आलीच नाही तर?" साबिनाने सरळ विचारलं. अशी सरळ विचारणारी माणसं म्हातारपणीच होतात.

"तर मी येईन बसायला. पाच वाजता. वाटाणे सोलायला दोन माणसं बरी."

"मग माझ्या सिरिलोचा फोन आला की तू पण बोल. त्याला माझं तेच तेच ऐकून कंटाळा येतो."

नातालियोने घरातून चिचाचं मडकं आणलं, मक्याची ती आंबूस दारू, वर फेस. साबिनाने वाफ्यातली ओंजळभर फुलं तोडली. नवी गाडी कोरडी न्यायची नसते. लिंबेर्तने चारी चाकांवर चिचा शिंपडली, मारलेनीने टपावर पाकळ्या टाकल्या. सेनोबियाने मडक्यातला शेवटचा पेला घेतला, मागचं दार उघडलं आणि जमिनीतल्या चारी भोकांवर एकेक थेंब सोडला. मग तिने डब्यातले बोल्ट पुसून पोयेराच्या खिशात, पत्र्याच्या गाडीशेजारी ठेवले.

निघताना ती मागच्या मोकळ्या जागेत वाकली. दोन्ही बाजूंच्या काचा बघितल्या. उजवीकडून रस्ता दिसत होता. डावीकडून डोंगर, त्यावर बर्फाचा ठिपका. तिने रुमालाचं टोक ओलं करून ती काच पुसली, आतून, बाहेरून, कोपऱ्यांसकट.

गाडी उताराला लागली. मधल्या रांगेत मारलेनी तिच्याकडे सरकून बसली होती, खांद्याला खांदा लागलेला. दर वळणावर खिशातले बोल्ट वाजत होते. सेनोबियाने फोन काढला, योवानाचं नाव दाबलं, आणि तिकडे काम असेल, घंटी वाजत असेल, म्हणून फोन न करता नुसता निरोप ठेवला.

"योवाना, गाडी घेतली. इकेरला सांग, त्याची खिडकी डावीकडची. पुसून ठेवलीय."